नाटकात एम.ए. म्हणजे परीक्षेला रडून दाखवायचं का?

नाट्यशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा आत्याने विचारलं होतं, "म्हणजे परीक्षेला काय, रडून दाखवायचं?" पंगतीत सगळे हसले. मीही हसले, कारण खरं उत्तर मलाही माहीत नव्हतं. आता बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणाची तरी आई, नाहीतर बाबा फोन करतात. पोरगं नाटकच शिकायचं म्हणतंय. विद्यापीठात हे नेमकं काय शिकवतात, आणि शिकवून ते येतं का? फोनवर दहा मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोंधळ. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे आपलं एनएसडी, हे विद्यापीठ नव्हे. १९५९ साली ते संगीत नाटक अकादमीने सुरू केलं, १९७५ मध्ये स्वायत्त झालं, आणि तीन वर्षांनी तिथून पदविका मिळते. पुण्यात जन्मलेले आणि लंडनला नाटक शिकून आलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं तिथे संचालक होते. रंगभूमी ही शिस्तीने शिकायची गोष्ट आहे, हे देशभरातल्या रंगकर्मींच्या डोक्यात रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. पण तिथला हेतू उघड आहे: काम करणारे रंगकर्मी तयार करायचे. विद्यापीठातल्या विभागावर याशिवाय आणखी एक ओझं असतं. पुण्याचं ललित कला केंद्र घ्या, मुंबई विद्यापीठाची कालिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स घ्या किंवा छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग घ्या, तिथे पदवी मिळते. म्हणजे पेपर आले, प्रबंध आला, पुढे प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आणि पीएच.डी. आली. जे केलं ते का केलं, हे लिहून आणि बोलून सांगता आलं पाहिजे.

हे ओझं विद्यापीठांना स्वतःलाच बरीच वर्षं पटत नव्हतं. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नावाचे प्राध्यापक नाट्यलेखनाचा वर्ग चालवत. यूजीन ओनीलसारखा नाटककार त्या वर्गातून गेलेला. तरी नाटकाची पदवी द्यायला हार्वर्ड तयार होईना. शेवटी १९२५ मध्ये बेकर येलला निघून गेले आणि तिथे विभाग उभा राहिला. ब्रिटनमध्ये पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग ब्रिस्टलला निघाला तोही १९४७ साली. शंका सगळीकडे एकच होती. नाटक वाचायचं असेल तर त्यासाठी साहित्याचा विभाग आहेच, आणि करायचं असेल तर त्याला विद्यापीठ कशाला?

शंका बिनबुडाची नाही. तिचं उत्तर मला सापडलं ते तालमीच्या खोलीत, दोन फालतू वाक्यांपाशी.

"चहा घेणार?"

"नको, आत्ताच झाला."

साहित्याच्या तासाला यावर बोलण्यासारखं काही नाही. आमच्याकडे यावर अख्खी दुपार गेली. सरांनी प्रश्न सुरू केले. कुठे आहेत ही दोघं? किती वाजलेत? दाराशी यायच्या आधी तो कुठे होता? चहा खरंच झालाय का? एका जोडीने ठरवलं की ही बहीण आहे आणि तो वडिलांचं घर विकायच्या कागदावर तिची सही घ्यायला आलेला भाऊ. म्हणजे चहा झालेला नाही. जिच्याकडून घर काढून घ्यायचं तिच्याच हातचा चहा त्याला घशाखाली उतरणार नाही, म्हणून तो खोटं बोलतोय. दुसऱ्या जोडीने हॉस्पिटलचा पॅसेज घेतला, पहाटेचे चार. आत आई. समोरची टपरी बंद आहे हे दोघांनाही माहीत आहे. तरी एक विचारतो आणि दुसरा "झाला" म्हणतो. शब्द तेच, नाटकं दोन. लेखकाने कागदावर न लिहिलेली पण वाक्याला चिकटून आलेली ही जी परिस्थिती असते, ती शोधायची पद्धत रशियात स्तानिस्लाव्हस्की या दिग्दर्शकाने बांधून दिली. आज जगभरच्या नाट्यविभागांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात शिकवतात.

पुढची पायरी मला जास्त अवघड गेली. संहितेच्या समासात मी लिहिलं होतं, "दुःखी". सरांनी ते खोडलं. म्हणाले, "हे विशेषण आहे, याचा अभिनय होत नाही. क्रियापद लिही." मग टाळतो, चाचपतो, अडवतो, मनधरणी करतो, हाकलतो अशी यादी झाली. त्यातलं कारण साधं आहे. "दुःखी" धरून उभा राहिलेला नट चेहरा पाडतो आणि तिथेच थांबतो. "टाळतो" हे धरलं की नजर कुठे जाईल, हात कशात गुंतेल, पाय दाराकडे वळतील का, हे शरीर आपोआप सांगायला लागतं. आत्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आमच्या वर्गात एक जण खरंच हुकमी रडायचा. त्याला कधी शाबासकी मिळाली नाही. सर म्हणायचे, "रडू नकोस, रडू आवर. खरा माणूस तेच करत असतो."

आता हे साहित्यवाचनापेक्षा वेगळं आहे का? आहे, कारण चूक लगेच कळते. निबंधात चुकीचा अर्थ लावला तर दोन गुण जातात. तालमीत चुकीचा अर्थ लावला तर पुढचं वाक्य तोंडातून निघतच नाही, किंवा निघालं तरी समोरचा नट गोंधळतो. वाचलेलं बरोबर की चूक हे दोन जिवंत माणसं उभी करून तपासायचं, हेच या विषयातलं प्रयोगशाळेचं काम.

वाचिक, म्हणजे आवाजाच्या आणि उच्चारांच्या अभिनयाच्या तासाबद्दल मात्र मला जरा वेगळं सांगायचंय. श्वास कुठून घ्यायचा, घसा न ओढता आवाज शेवटच्या रांगेत कसा पोचवायचा, हे शिकायलाच हवं. आपल्या लिपीने लपवलेल्या गोष्टीही तिथे कळतात. "जग सुंदर आहे" आणि "तू जग" यांतला ज लिहिताना एकच, उच्चारताना दोन. च आणि झ यांचीही हीच गत. लिपी सांगत नाही, ते नटाच्या कानाला माहीत असावं लागतं. इथपर्यंत ठीक. पण याच तासाला लातूरहून किंवा गोंदियाहून आलेल्या मुलाला "आधी तुझी भाषा सुधार" असं सांगितलेलं मी ऐकलं आहे, आणि तो मुलगा पुढे सहा महिने वर्गात तोंड उघडत नाही हेही पाहिलं आहे. प्रमाण मराठी हे नटाचं एक कौशल्य आहे, तलवारबाजीसारखं. ते यावं. त्यासाठी आईची बोली टाकावी लागत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि रात्र रात्र नाटकं चालतात. वडसा या एका गावात कंपन्यांची कार्यालयं रांगेने आहेत. तिथे हजारो लोकांसमोर उभं राहून आलेल्या पोराला विद्यापीठाने आवाज शिकवताना थोडं नम्र असायला हरकत नाही.

भरताचा "नाट्यशास्त्र" हा प्राचीन संस्कृत ग्रंथ पेपर म्हणून सगळ्यांना असतो आणि बहुतेक जण तो पाठ करून सुटतात. आठ स्थायी म्हणजे टिकून राहणारे, तेहेतीस व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, आठ सात्त्विक म्हणजे घाम, कंप, अश्रू असे आपोआप उमटणारे, मिळून ४९ भाव. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार. यातलं आहार्य म्हणजे वेष, रंगभूषा, दागिने. यादी पाठ होते आणि ग्रंथ निसटतो. मला तो पकडता आला त्यातल्याच एका गोष्टीमुळे. पहिलं नाटक इंद्राच्या ध्वजोत्सवात उघड्यावर झालं. त्यात देवांनी दैत्यांचा पराभव केल्याचं दाखवलं होतं. दैत्य प्रेक्षकांतच होते. ते चिडले आणि त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मरणशक्ती थिजवून टाकली. नेमक्या याच तीन गोष्टी. पहिल्या प्रयोगाला विंगेत उभा राहिलेला कुठलाही नट सांगेल की पोटात गोळा येतो तो या तिन्हींच्या भीतीने. त्यानंतर विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितलं गेलं.

त्या नाट्यगृहाचं मापही दिलंय. माणसांसाठी चांगलं म्हणजे ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर साधारण ९६ फूट गुणिले ४८ फूट, त्यात अर्धी जागा प्रेक्षकांची आणि अर्धी रंगमंच व नेपथ्यगृहाची, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीची. याहून मोठं का बांधू नये, याचं कारण ग्रंथातच आहे: आवाज विरून जाईल आणि चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत. आपल्या शहरांतल्या मोठ्या सभागृहांत मागच्या रांगेत बसून, रंगमंचावर लावलेल्या माइकमधून पावलांचा आवाज संवादापेक्षा मोठा ऐकताना मला हा अध्याय हमखास आठवतो. विद्यापीठात सिद्धान्त शिकवायचा तो असा शिकवावा. मोजपट्टी घेऊन आपलंच नाट्यगृह मोजायला लावावं.

पालकांना वाटतं नाटक शिकणं म्हणजे अभिनय शिकणं. वेळापत्रक पाहिलं तर निम्मा वेळ रंगमंचाच्या मागे जातो. डावं-उजवं नटाच्या बाजूने धरायचं, प्रेक्षकांच्या नव्हे, इथून सुरुवात. मागच्या भागाला अपस्टेज म्हणायचं, कारण युरोपातले जुने रंगमंच मागे चढत जाणारे होते. आपल्याकडे बहुतेक सपाट आहेत, तरी शब्द चिकटला तो चिकटला. मग प्रकाशयोजना. स्टॅन्ले मॅककँडलेस हे येलमध्ये प्रकाशयोजना शिकवत. १९३२ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत आजही पहिल्या सत्रात येते: रंगमंचाचे झोन पाडायचे आणि प्रत्येक झोनवर समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे सोडायचे, एक उबदार रंगाचा, एक थंड. उन्हात उभ्या माणसाच्या एका गालावर ऊन आणि दुसऱ्यावर आकाशाची निळसर सावली असते, तसं काहीसं. एकच दिवा थेट समोरून मारला की चेहरा पोळपाटासारखा सपाट दिसतो. हे वाचून कळत नाही, दिवा हातात घेऊन मित्राच्या तोंडावर मारला की एका मिनिटात कळतं.

दुसऱ्या सत्रात मला लाइट ऑपरेट करायला बसवलं. दिवा कधी बदलायचा त्या खुणेला क्यू म्हणतात. क्यू शीट अशी असते: क्यू १४, "मग ठेव तसंच" या वाक्यातल्या "तसंच"वर, उजवा झोन सहा सेकंदांत खाली. मी वाक्यात गुंतले आणि क्यू विसरले. ज्याने अंधारात निघून जायचं तो बिचारा भर उजेडात उभा. त्याने शांतपणे खुर्ची सरळ केली, तिच्यावरची धूळ पुसली आणि चालत गेला. प्रेक्षकांना वाटलं हेच दिग्दर्शकाच्या मनात होतं. त्यानंतर मी अभिनय करताना कधी ठरलेल्या वाक्यातला शब्द बदलला नाही. वर केबिनमध्ये कुणीतरी "तसंच"ची वाट पाहत बसलंय हे अंगात भिनलं होतं.

गुण कसे देतात, हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. प्रयोगाला टाळ्या किती पडल्या यावर देत नाहीत, देऊ नयेत. बहुतेक ठिकाणी तालमींची वही असते. आधी काय ठरवलं, कुठे अडलं, का बदललं, याची रोजची नोंद. मग तोंडी परीक्षा. "तिसऱ्या प्रवेशात तू तिच्याकडे पाठ का केलीस?" याचं "तसं वाटलं म्हणून" हे उत्तर चालत नाही. पडलेल्या नाटकाला चांगले गुण मिळू शकतात, आणि हे बाहेरच्या जगात कुठेच होत नाही. पडायची परवानगी असलेली जागा म्हणून मला विद्यापीठाची किंमत वाटते. बाहेर निर्मात्याचे पैसे लागलेले असतात.

इथे कुणीतरी म्हणेलच की डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले; यांच्याकडे कुठे होती नाटकाची पदवी? खरं आहे. पण तिघंही पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये संध्याकाळी नोकरी-कॉलेज उरकून तालमी करत वाढले. वर्षानुवर्षं. ती शाळाच होती, फक्त शिक्का नव्हता. गंमत म्हणजे याच आळेकरांनी १९९६ पासून २००९ पर्यंत ललित कला केंद्र सांभाळलं. आज नोकरी करून रोज तीन तास तालमीला देणारा गट बांधणं शहरात अवघड झालंय. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आहेत, पुरुषोत्तम करंडकासारखी तर १९६० च्या दशकापासून. त्यांनी मराठी रंगभूमीला माणसं दिली. त्यांची खोडही आहे: मुलं तासाभराच्या आकारात विचार करायला लागतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत परीक्षकांना धक्का द्यायची सवय लागते. दोन अंकी नाटकात मधली चाळीस मिनिटं कशी पेलायची, हे स्पर्धेत कुणी शिकवत नाही.

आता या विषयाचा दुसरा अर्धा भाग, ज्याबद्दल फोनवर कुणी विचारत नाही. नाटक शिकणं वेगळं आणि नाटकातून शिकवणं वेगळं. नाटकातून शिकवण्याची आपल्याकडे परंपरा नाही असं कुणी म्हणालं तर त्याला जोतीराव फुल्यांचं "तृतीय रत्न" दाखवावं. १८५५ सालचं नाटक. भोळ्या कुणबी जोडप्याला एक जोशी लुबाडतो, विदूषक मध्ये मध्ये प्रेक्षकांशी बोलत सगळ्याचं पितळ उघडं पाडतो, आणि शेवटी नवरा-बायको शाळेत जायचं ठरवतात. पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे ते पाठवलं गेलं आणि तिथे नाकारलं गेलं. पुढे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे याच वाटेने गेले.

शाळेच्या चार भिंतींत हे पद्धतशीर सुरू झालं इंग्लंडमध्ये. कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये नट-शिक्षकांची एक तुकडी शाळांमध्ये पाठवली. एनएसडीने १९८९ मध्ये अशीच तुकडी काढली, तीच पुढे संस्कार रंग टोळी झाली. पुण्यात १९८६ च्या सुमारास मोहन आगाशेंनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची पद्धत आणली: मोठ्या नटांनी मुलांची कामं करायची, आणि गोष्ट राजाराणीची नको, मुलांच्या घरातल्या भांडणांची. ही तरी नाटकं आहेत, प्रेक्षक समोर बसलेले असतात. डोरोथी हीथकोट या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने प्रेक्षकच काढून टाकले. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायचं, वर्गाने गोष्टीत शिरायचं, आणि पाहणारं कुणी नाही.

हे कसं होतं ते सांगते. सातवीच्या वर्गात मी सरपंच झाले. वर्ग ग्रामसभा. विहीर आटलीय, टँकर आठवड्यातून दोनदा येणार, पाणी कुणाला आधी द्यायचं ते ठरवा. पंधरा मिनिटं नुसता गोंगाट. मग हिशेब सुरू झाला: घरटी हंडे किती, म्हशींना किती, शाळेला किती. भूगोल आणि गणित दोन्ही आपोआप आले. आणि मग एक मुलगी उठून म्हणाली, "टँकर गावाच्या मधोमध का थांबतो? वस्तीच्या बाजूला का नाही?" वर्ग गप्प झाला. कुठली वस्ती ते तिला माहीत होतं, बाकीच्यांनाही. सरपंच म्हणून मी काय बोलणार होते? मला बोलता आलं नाही. मी भूमिका सोडली, शिक्षिका झाले आणि विषय बदलला. आजही त्याची लाज वाटते. भूमिकेतच राहून "ताई, तुम्हीच सांगा, कुठे थांबवू?" एवढं विचारायला हवं होतं. ते सुचायला तयारी लागते, आणि ती तयारी म्हणजेच नाट्यशिक्षणाचं शिक्षण. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल या दिग्दर्शकाने यावरच आख्खी पद्धत उभी केली. अन्यायाचा प्रसंग करायचा, तो थांबवायचा आणि प्रेक्षकातल्या कुणालातरी म्हणायचं, ये, तू त्याच्या जागी उभा राहून काहीतरी वेगळं करून दाखव.

आपल्याकडे कागदावर हे सगळं आहे. २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात नाट्य व कला शिक्षणाचा भाग आला. मी पाहिलेल्या एका कॉलेजात तो भाग म्हणजे रंगीत कागद चिकटवलेली फाइल होता. शाळांमध्ये स्नेहसंमेलन असतं, महिनाभर आधी बाहेरून कुणीतरी "बसवायला" येतो, मुलं पाठ केलेलं बोलतात आणि जानेवारीनंतर नाटक संपतं. नाट्यशास्त्राची पदवीधर मुलं मालिकांच्या ऑडिशनच्या रांगेत आणि शाळांना नाटकाचा शिक्षक माहीत नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. ज्यांना मुलांत रमायला आवडतं त्यांनी एम.ए. करतानाच शाळांमध्ये जायला सुरुवात करावी. नोकरीची जाहिरात बहुधा येणार नाही, पण कार्यशाळांचं काम मिळतं.

प्रवेशाबद्दल थोडंसं. बहुतेक ठिकाणी एक स्वगत, थोडं उत्स्फूर्त काम आणि मुलाखत असते. स्वगत गाजलेल्या नाटकातलं नको. परीक्षकांच्या कानात मूळ नटाचा आवाज असतो आणि तुमच्याही. वय जुळणारं, साधं निवडा. "शेवटचं नाटक कुठलं पाहिलं?" याला यूट्यूबचं उत्तर देऊ नका. आणि फॉर्म भरण्याआधी विभागात एक चक्कर मारा. प्राध्यापकांना भेटू नका, कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं शोधा. गेल्या वर्षी किती प्रयोग झाले ते विचारा. सेट कुणी लावला, लाइट कुणी ऑपरेट केले तेही विचारा. "बाहेरून माणूस बोलावला" असं उत्तर आलं तर दुसऱ्या विभागाची बस पकडा.